आईच्या फडताळातल्या दोन बाटल्या

ग्रीनॉक,
१४ नोव्हेंबर १९८९

प्रिय नेटा,

एक कोडं तुलाही कधीतरी पडलं असेल. बाटली तीच, दूध तेच, चमचाही तेवढाच. तरी आपल्या आईच्या हातच्या कॉफीची चव दुसऱ्या कुणाच्या घरी कधी आली नाही, ती का? तू म्हणशील, झाले मास्तर सुरू. होऊ दे. जवळजवळ सहा वर्षं आपण एकमेकांना नाताळच्या कार्डांखेरीज काही लिहिलेलं नाही. तेव्हा मला ज्यात गती आहे तिथूनच सुरुवात करतो. पत्राचा विषय मात्र आधीच सांगून ठेवतो. आई गेल्यावर मी फोनवर तुला जे बोललो, त्याबद्दल हे पत्र आहे.

आधी कोड्याचं उत्तर. त्या बाटलीतला काळा पाक म्हणजे कॉफी थोडी, साखर पुष्कळ आणि चिकोरीच्या भाजलेल्या मुळाचा अर्क भरपूर. बाबा म्हणायचे, ही कॉफी नव्हे, कॉफीची सावत्र बहीण. पण गरिबाकडे येते-जाते ती हीच. साखरेच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस तो, गोडाबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. चिकोरीचं मूळ भाजलं की त्याच्या अंगची गोडी करपते आणि तिला एक कडवट, जमिनीसारखा वास येतो. हा वास थंड पाकात झोपलेला असतो, त्याला उष्णतेनं जागं करावं लागतं. शेजारणी दुधात पाक ओतत. आई उलट करी. रिकाम्या कपात आधी पाक, त्यावर किटलीतलं उकळतं पाणी दोन चमचे, मग कपावर बशी झाकून सावकाश साठपर्यंत आकडे मोजायचे. आणि शेवटी मागच्या शेगडीवर आटत ठेवलेलं साईचं दूध. वर चिमूटभर मीठ, कारण मिठानं कडूपणा दबतो. मी तीस वर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, पण विरघळण्याचा याहून चांगला धडा माझ्या वहीत नव्हता.

आठवडाभर चहा, ही कॉफी फक्त रविवारी, चर्चहून आल्यावर. पाक ओघळून टोपण इतकं घट्ट बसे की आई ते गरम पाण्याच्या फडक्यात धरून पिळी. तेवढ्यात तू बाटलीच्या गळ्यावरचा ओघळ बोटानं पुसून चाटायचीस. आईनं विचारलं की थेट माझ्याकडे बोट, आणि वरच्या ओठावर ही तपकिरी मिशी. आईला हसू दाबता येत नसे. तिचं ते दाबलेलं हसू मला अजून दिसतं, खांदे हलायचे फक्त.

त्याच फडताळात, त्याच फळीवर, दुसरी काळी बाटली असे: खिम्याच्या रश्श्याला रंग आणायची. जळलेली साखर, मीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. दोन्ही बाटल्यांची लेबलं ओघळांनी सारखीच काळवंडलेली. आई ती कधी वाचत नसे. डावीकडची कॉफी, उजवीकडची रश्श्याची. तिचा हात बरोबर जाई.

आता त्या ऑक्टोबरकडे येतो. सात वर्षांनी तू न्यूझीलंडहून, डनेडिनहून आलीस. आईनं तुझ्यासाठी चांगले कप काढले, बशी झाकून साठ मोजले, दूध ओतलं. तू घोट घेतलास, तो परत कपात टाकलास आणि हसत सुटलीस. प्रवासाचा शीण होता, इतक्या दिवसांनी घरी आल्याचा आनंद होता. त्या हसण्यात विष नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. “अगं आई, ही रश्श्याची बाटली आहे. खिमा कुठाय मग?” असं तू म्हणालीस. आईनं आपल्या कपातला घोट पुन्हा घेऊन पाहिला. “मला तर छान लागतेय,” एवढंच ती हळूच म्हणाली, आणि तिघांचे कप मोरीत रिकामे करून आली. तू तिच्या गळ्यात पडलीस, हजारदा चुकलं म्हणालीस, परत जायच्या दिवशीसुद्धा तेच म्हणत होतीस. पण त्यानंतर तिनं कुणासाठीही कॉफी केली नाही. पाव आणि थंड मांस खाऊन राहू लागली, शेगडीजवळ जाईनाशी झाली. फेब्रुवारीत इमारतीच्या दगडी जिन्यात पडली आणि चौथ्या दिवशी गेली.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला. “तू हसलीस, आणि ती त्या दिवशीच संपली,” असं म्हणालो. माझं उरलेलं वाक्य व्हायच्या आत फोन ठेवलास. तू अंत्यविधीला का आली नाहीस, असं लोकांनी विचारलं तेव्हा मी खांदे उडवले. आणि त्या खांदे उडवण्यातून सगळं गाव जे समजायचं ते समजलं.

तुझी एलीन सध्या माझ्याकडे आहे. गुणी पोर. तुझ्यासारखीच टोमणे मारते; मी अंडं उकडण्याचं शास्त्र सांगायला लागलो की म्हणते, मामा, घंटा वाजली, तास संपला. परवा मी सहज विचारलं, तुझी आई अजून बाटलीतली कॉफी घेते का गं? ती म्हणाली, आमच्या घरात ती बाटली येत नाही. जेवणात काही बिघडलं तरी आई कुणाला बोलून दाखवत नाही. करपलेलं, खारट, सगळं मुकाट्यानं खाते. एलीननं एकदा कारण विचारलं होतं. तू तिला सांगितलंस, “मी माझ्या आईला हसून मारलं.” नेटा, हे वाक्य माझं आहे. मी ते तुला दिलं, आणि तू ते इतकी वर्षं जपून ठेवलंस.

म्हणून आता, जे मी आईच्या डॉक्टरीणबाईंखेरीज कुणाला सांगितलेलं नाही, ते लिहितो. तू येण्याआधी पुरतं एक वर्ष, दर रविवारी, आई मला रश्श्याच्या बाटलीतली कॉफी देत होती. पहिल्या रविवारी मनाची समजूत घातली की मीठ जास्त पडलं. दुसऱ्या रविवारी मी स्वतः कॉफीची बाटली पुढे काढून ठेवली; तिनं ती बाजूला सारून दुसरी उचलली, चाखली आणि म्हणाली, “आज जमलीय.” तिची जीभ लाल, गुळगुळीत झाली होती. चेहरा मेणासारखा. पायांना जमीन लागत नाही, म्हणायची. मी शिकलेला माणूस. चव जाणं हे लक्षण असतं हे मला ठाऊक होतं. पण डॉक्टरकडे नेलं तर तिला एकटीला राहू देणार नाहीत, घर सुटेल, या भीतीनं मी बावन्न रविवार कप रिकामा करत राहिलो आणि त्याला माया म्हणत राहिलो. ती तर शेजारणींना अभिमानानं सांगायची, आमचा ड्यूगल एक थेंब ठेवत नाही. ती गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्ताच्या तपासणीचा कागद दाखवला. एका जीवनसत्त्वाची कमतरता. वर्षभर आधी आणलं असतंत तर सुया देऊन बरंच सावरलं असतं, पायसुद्धा, असं त्या शांतपणे म्हणाल्या. फोन मी त्यानंतर तासाभरानं केला. तू पहिल्याच घोटाला खरं बोललीस. त्या घरात तिच्याशी खरं बोललेली तू एकटीच होतीस. क्षमा मागायला मी हे लिहीत नाही. तो हक्क मी गमावला आहे. ते वाक्य परत घ्यायला लिहितो आहे. आणि मला कळलंच नसेल, दादा भोळा होता, असं म्हणून तू मला सोडून देऊ नयेस यासाठी एक सोपा प्रयोग सांगतो. दोन्ही बाटल्या विकत आण. दोन कप घे, एकात एकीतला चमचाभर, दुसऱ्यात दुसरीतला, वर उकळतं पाणी. एलीन परत आली की तिला डोळे मिटायला सांग आणि कप आळीपाळीनं नाकाखाली धर. चाखायचं नाही, नुसता वास. कॉफी कोणती हे सांगायला तिला किती आकडे मोजावे लागतात, ते पाहा.

तुझाच,
ड्यूगल