युफनीचा मराठी अर्थ

नागपूर,
५ नोव्हेंबर २०२४

ती. सोपानकाका यांस,
प्रियदर्शिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुम्ही फोन घेत नाही. काकू घेते आणि काका वावरात गेलेत, पौडला गेलेत, नाहीतर झोपलेत, एवढंच सांगते. याला वर्ष झालं. म्हणून शेवटी कागद घेतला.

प्रदीपदादाशीही तुमचं बोलणं नाही. भुकूमच्या नव्या घरात राहायला जाताना त्यानं तुम्हाला युफोनियम वाजवायला बोलावलं आणि तुम्ही चारचौघांत नाही म्हणालात, हे त्याला लागलं आहे. कॉलेजात असताना तो तुम्हाला म्हणाला होता की बाबा, तुम्ही बँडमध्ये आहात हे माझ्या मित्रांना सांगू नका. तुम्ही तोच राग अजून धरून आहात, असं तो समजतो. खरं काय ते तुम्हाला माहीत. समजुती काढण्याचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

इथं इंग्रजी-मराठी कोशाचं काम रखडत चाललंय. तीन वर्षं मी एकाच अक्षरात आहे. चौघांपैकी दोघं सोडून गेले, त्यांचे शब्दही माझ्याकडे आले. संध्याकाळी डोळे चुरचुरतात आणि मराठी शब्दसुद्धा परके वाटायला लागतात. गेल्या आठवड्यात 'युफनी' आला. कानाला गोड लागणं, असा त्याचा अर्थ. जुन्या कोशांत 'सुस्वरता' आहे, 'श्रुतिमाधुर्य' आहे, पण हे शब्द मी आपल्याकडे कुणाच्या तोंडी ऐकले नाहीत. तुमच्या युफोनियमचं नाव याच शब्दाच्या कुळातलं. चाँदभाईंच्या बँडमध्ये चाळीस वर्षं तुम्ही ते पितळी वाद्य छातीशी धरून वाजवलंत. तुम्ही लोक अशा आवाजाला काय म्हणायचात, तेवढं कळवा.

काकूला नमस्कार. रागावला असाल तरी माया कमी करू नका.

तुमची पुतणी,
प्रियदर्शिनी

माले, ता. मुळशी,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रियदर्शिनीस,
सोपानकाकाचा जयभीम व अ. आ.

तुझं पत्र पोचलं. भाताची कापणी चालू आहे, कंबर धरली आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला.

चाँदभाई मास्तर कधी 'गोड' म्हणाले नाहीत. सगळ्यांचं एकमेकांत बसलं की ते म्हणायचे, 'आता मिळून आलं.' एवढीच त्यांची शाबासकी. क्लॅरिनेट, ट्रंपेट लोकांना ऐकू जातात. युफोनियम कुणाच्या ध्यानात राहत नाही. ते थांबलं की मात्र बाकीचं सगळं उघडं पडतं. आमच्या वडलांनी दीक्षा घेतल्यावर गावकीचं वाजवणं सोडलं होतं, म्हणून मी बँडमध्ये गेलो तेव्हा ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना म्हणालो की हे कुणी माझ्यावर लादलेलं नाही, हे मी शिकून वाजवतो. त्यांना पटलं का नाही, कधी कळलं नाही.

आता दुसरं. तू कागद घेतलास म्हणून कागदावरच सांगतो. मला ऐकू येत नाही. चाळीस वर्षं मागं ढोल आणि झांजा होत्या. डावा कान कधीच गेला होता, गेल्या वर्षीच्या दिवाळीआधी उजवाही गेला. प्रदीपनं ज्या दिवसासाठी बोलावलं होतं त्याच्या आदल्या दिवशी मी वाजवून बघितलं. बोटं चालत होती, फुंक जात होती, पण सूर लागतोय का चुकतोय ते कळेना. त्याच्या कचेरीतल्या लोकांपुढं बेसूर वाजवून त्याला पुन्हा मान खाली घालायला लावायची, यापेक्षा नाही म्हटलेलं बरं वाटलं.

हे तुझ्या काकूशिवाय कुणाला माहीत नाही. तूही बोलू नको.

जिवाला जप.
सोपानकाका

नागपूर,
२२ नोव्हेंबर २०२४

ती. काकांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. वर्षभर मी तुम्हाला हेकट समजत होते. याची लाज वाटते, पण लाज वाटून घ्यायलाही आता फार ताकद लागते.

तुम्ही लिहिलंत त्यावरून पुन्हा जुन्या नोंदी काढल्या. शब्द मूळचा ग्रीक, 'चांगला आवाज' एवढाच अर्थ. लॅटिन, फ्रेंच करत तो इंग्रजीत आला. तुमच्या वाद्याचं नाव त्यापुढं अगदी अलीकडचं, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं. त्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द व्याकरण लिहिणाऱ्यांच्या हाती होता. तोंडात दोन ध्वनी एकमेकांना अडायला लागले की त्यातला एक बदलतो, आणि असं का होतं याला त्यांचं उत्तर ठरलेलं असे, 'युफनीसाठी'. इंग्रज आपल्याकडे येऊन संस्कृत शिकले, तेव्हा संधीलाही त्यांनी हाच शब्द लावला. सत् आणि जन जवळ आले की 'त्' आपला आवाज सोडतो आणि 'सज्जन' होतं. इंग्रजीत गोडव्याचा अर्थ नंतर पसरला. आधी होतं ते जुळवून घेणं. तुमच्या मास्तरांचं 'मिळून आलं' हे कोशातल्या दोन्ही शब्दांपेक्षा जवळचं आहे. मी ते नोंदीत घातलं आहे. वरचे लोक ठेवतील का, सांगता येत नाही.

काका, दादाला सांगा. त्याला वाटतंय तुम्ही त्याला माफ केलं नाही. कानाचे डॉक्टर आहेत, मशिनं आहेत.

तुमची,
प्रियदर्शिनी

माले,
३ डिसेंबर २०२४

चि. प्रियदर्शिनीस अ. आ.

'सज्जन'चं वाचून बरं वाटलं. 'त्' बिचारा गेला आणि नाव जनाचं झालं.

प्रदीपला सांगणार नाही. बाप बहिरा झाला म्हणून तो कीव करून येईल, तसं येणं मला नको. त्याच्या मनानं येईल तेव्हा येईल. वय झालं, आता कुणाला समजावत बसायचा कंटाळा येतो. डॉक्टरचं म्हणशील तर एवढं आयुष्य ऐकलं, पुरे झालं. घरात काही अडत नाही. तुझी काकू खुणेनं सांगते, मी समजतो. तिला त्याचा त्रास नाही. ती आधीपासूनच कमी बोलणारी.

माळ्यावर नवा तांदूळ ठेवला आहे. येशील तेव्हा ने. रात्र रात्र डोळे जाळू नको.

सोपानकाका

नागपूर,
११ डिसेंबर २०२४

ती. काकांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुम्ही बोलू नको म्हणाला होतात, मी बोलले. परवा मी दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं.

त्याच्या आदल्या दिवशी काकूचा फोन आला होता. काम काय ते मी विचारलं. मग म्हणाली की काम काही नव्हतं, माणसाचा आवाज ऐकावासा वाटला. तुम्ही लिहिता तिला त्रास नाही. काका, तुम्ही तिला विचारलं आहे का?

दादानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. तो काय करेल, मला माहीत नाही. शब्द मोडला, त्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा. इथलं काम मार्चमध्ये बंद होतंय, कोश अर्धाच राहणार. एवढ्या निरोपासाठी तरी माझा उपयोग झाला, असं समजते.

जमलं तर दोन ओळी लिहा.
प्रियदर्शिनी

माले,
२७ जानेवारी २०२५

प्रियदर्शिनी बाय,
चांगुणाकाकूचा जयभीम आनि लई आशीर्वाद.

साक्षरतेच्या वर्गात शिकल्याली अक्षरं हायेत, चुका सोड. तुझ्या काकाला सांगितलं तू लिव्ह, तर म्हनाले तूच लिव्ह, मला लिवायला तोंड न्हाई.

प्रदीप मागल्या म्हयन्यात एका आयतवारी आला. पायरीवर बसला, घरात येईना. मग वही काढली, तिच्यात लिवलं आनि बापाफुडं धरली. मला का सांगितलं न्हाई, असं लिवल्यालं. ह्यांनी वाचलं आनि म्हनाले, तू इचारलं न्हाईस. प्रदीपनं वही मागं घेतली. मग लिवलं, चुकलं माझं. ह्यांनी त्याच्या हातातनं पेन घेतलं आनि त्याच्याखाली आपलं नाव घातलं. म्हंजी माझंबी चुकलं. दोघंबी तसलेच.

दुसऱ्या आठवड्यात प्रदीपनं पुन्याला नेलं. डावा कान गेलाच हाय. उजव्यात मशिन बसवलं. पयल्या दिवशी भांडी वाजली तरी दचकायचे, कावळं वरडलं की मशिन काढून ठिवायचे. एकदा ते वाजवायचं बाहेर काढलं, जरा फुंकलं, म्हनाले, पत्रा वाजतुया. पुसून पिशवीत घातलं. आता वाजवतील आसं वाटत न्हाई. म्याबी गळ घातली न्हाई. प्रदीप एक आयतवार सोडून येतो. नातीला आनतो.

तुला एक सांगायचं म्हनून हे पत्र. वरीसभर म्या घरात बोललेच न्हाई. बोलून कुनाला सांगायचं? गोठ्यात म्हशीशी बोलायची. परवा सकाळी ह्यांनी आपन होऊन मशिन घातलं, चुलीपाशी येऊन बसले आनि म्हनाले, कायतरी बोल. वरीसभराचं साठल्यालं, पर तोंडात कायबी येईना. म्या म्हनले, चा ठिवू का?

तर म्हनाले, चांगुणा, तुझा आवाज म्हातारा झाला गं.

म्या म्हनले, व्हय, तुमी नव्हता तवा झाला.

मग पुन्ना म्हनाले, आजून बोल. म्हनून मंग म्या बोलत बसले. चा उतू गेला.

काम सरलं की हितंच ये. तांदूळ हाय, जागा हाय.

तुझी,
चांगुणाकाकू