हिरवी थाळी

४ नोव्हेंबर १९९६, मंठा.
आज रुजू झाले. जालन्याहून सकाळच्या एसटीने उतरले, तर डॉ. साहेबराव स्वतः स्टँडवर हजर. अठरा खाटांचा खाजगी दवाखाना, आणि माझ्यासाठी वेगळी लॅब! जखमेतला पू थाळीत वाढवायचा, त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या. ज्या टिकलीभोवती जंतू मरून मोकळं कडं पडेल, ते औषध लागू. ड्रेसिंग करणाऱ्या साळूबाईंनी आपल्या डब्यातली भाकरी पुढे केली. म्हणाल्या, "अनवरीबाई, लाजायचं न्हाई इथं."

१२ नोव्हेंबर.
भिवा या मजुराचा हात कापसाच्या जिनिंगच्या पट्ट्यात सापडला होता. जखम भरत आलेली, ती एकाएकी हिरवट झाली. पट्टीला पिकल्या द्राक्षांसारखा गोड वास. थाळीही हिरवी. सहा टिकल्यांपैकी एकीभोवतीच कडं. ते महागडं इंजेक्शन डॉक्टरांनी जालन्याहून मागवलं.

१७ नोव्हेंबर.
आणखी दोघांच्या जखमा हिरव्या. दोघंही आले तेव्हा जखम स्वच्छ होती. म्हणजे हे इथंच मिळतंय. कुणाकडून? तिघांच्याही पट्ट्या साळूबाईंनी बांधल्यात. आज दिवसभर त्यांच्या हातांवर नजर ठेवली. त्यांच्या ते लक्षात आलं.

१९ नोव्हेंबर.
डॉक्टरांना माझा संशय सांगितला. त्यांनी साळूबाईंना घरी बसवलं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "माझा हात तपासला का तुमी?"
तपासला नव्हता.
पट्ट्या आता मी बांधते. दर वेळी हात कॅनमधल्या जंतुनाशकात बुडवते. काचेनं उजव्या हाताचं बोट कापलंय, तेही त्यातच धुते.

२३ नोव्हेंबर.
भिवा गेला. त्याच्या नव्या थाळीत त्या एका टिकलीभोवतीचं कडंही बुजलंय. साळूबाईंना घरी बसवून चार दिवस झाले, तरी तीन दिवसांपूर्वीच्या बाळंतिणीचे टाके हिरवे. ते मी धुतले होते. मीच —

२५ नोव्हेंबर.
काल सगळ्यांचे नमुने लावले. नळ, कात्र्या, डॉक्टरांचे हात. साळूबाईंच्या घरी जाऊन त्यांचेही. सगळ्या थाळ्या कोऱ्या.
एकच हिरवीगार. जंतुनाशकाच्या कॅनची.
कॅन कधी धुतलाच नाही, वरून भर घालत राहिलो. जंतू त्यातच जगले. त्यातच वाढले. आणि मी त्यात बोट —

२६.
कॅन ओतून टाकला. भिवाची बायको त्याचे कपडे न्यायला आली होती. तिला तोंड दाखवलं नाही.
बोट ठणकतंय. पट्टीला गोड वास.

२८.
ताप. डाव्या हातानं लिहितेय. माझी थाळी आली. सहा टिकल्या — कडं एकीलाही नाही. डॉक्टर म्हणतात, मोठ्या दवाखान्यात हलवू. माझ्याकडे बघत नाहीत.

२९.
साळूबाई आल्या. मी बोलावलं नव्हतं. माफी मागत होते, त्यांनी बोलू दिलं नाही. पाणी उकळलं. म्हणाल्या, "हे बोट आता म्याच धुणार." कोपरापर्यंतची पट्टी सोडली आणि हात थांबला त्यांचा. मला बघू नको म्हणाल्या. बघितलं. हिरवं नाही — काळं, मनगटापर्यंत, आणि वर —