लांबट आठोळ्या

१३ जानेवारी

डालीभर बोरं आणली! उद्या सार्थकचं बोरन्हाण. अंजनाबाईच्या, म्हंजे माह्या जावेच्या पोराची पहिली संक्रांत. चण्यामण्या बोरं बारकी, आतली आठोळी गोल. येरोणी बोरं काळी, आठोळी मिऱ्याएवढी. घोटीच्या झुडपाची बोरं तिथंच टाकली, नुसतं लाकूड! आन् शेजारच्या शेषरावभाऊच्या वावराच्या धुऱ्यावरची मोठी, लाल. आठोळी लांबट, दोन्हीकून टोकदार. मागच्या वर्षी लय गोड होती. संक्रांतीआधी बोर खात नाही, म्हणून चाखली नाही.

१४ जानेवारी

बोरन्हाण झालं. सार्थकच्या डोक्यावरून बोरं ओतली, गल्लीतले पोरं तुटून पडले. मीच ओरडून राह्यली होती — लुटा रे लुटा!

१५ जानेवारी

सकाळी शेषरावभाऊ दारात. "वहिनी, धुऱ्यावरच्या बोरीले हात नोका लावू बरं. सोमवारी हरभऱ्यासंगं तिलेबी अळीचं औषध मारलं." आन् मी तं मंगळवारीच तोडून आणली होती!

बोरं धुतली का? नाही. तशीच ओतली.

कोणाले सांगू? जाऊ म्हणेल, सोताले पोर नाही म्हणून माह्या पोरावर डोळा. म्हणेलच! म्हणून गप बसली. पण एखाद्या पोराले काही झालं तं?

अंगण झाडलं. केरातल्या आठोळ्या निवडत बसली. गोल, गोल, मिऱ्याएवढी, गोल... लांबट एकबी नाही! दोनदा पाह्यलं. मंग गल्लीत चक्कर मारली. सगळे पोरं उड्या मारून राह्यले. सार्थकबी खेळून राह्यला. देवा, वाचली मी!

पण मंग ती मोठी बोरं गेली कुठं?

१६ जानेवारी

जावेले विचारलंच. ती हसली. "अवं, एवढी चांगली बोरं कायले उधळू? वाणाच्या बोळक्यात भरली. काल ह्यायच्यासंगं, तुह्या भासऱ्यासंगं, इंझोरीले पाठवली, समीक्षाच्या सासरी. तिले सातवा लागला, बोरं खावंसी वाटते म्हणे."

समीक्षा! आमची एकुलती एक ननंद. जावेले सगळं सांगून टाकलं. तिनं लगेच फोन लावून माह्या हातात देला.

मी काही बोलायच्या आधीच समीक्षा म्हणे, "वहिनी, बोरं लय गोड होती! एकबी नाही ठेवलं."