डावी नळी

ता. ९ फेब्रुवारी

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

आठ वर्षांनी पाकिटावर तुझे अक्षर पाहिले. एवढ्या काळानंतर लोक प्रकृती विचारतात, कोणी गेले असल्यास कळवतात. तू विचारतोस, वापरलेली दुनळी बंदूक निम्म्या वाट्याने घेऊ या का. वाचून मी छापखान्यात मोठ्याने हसलो. तिथे मी वीस वर्षांत हसलेलो नव्हतो, त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ घाबरून पाणी घेऊन आला.

आईच्या आजारपणात कोणी काय केले नाही, या विषयावर आपण शेवटचे बोललो होतो. त्या मानाने बंदूक पुष्कळच सौम्य आहे. तेव्हा मान्य.

परवाना तुझा, म्हणून उजवी नळी तुझी, डावी माझी. मैदानावर तुझ्या देखरेखीखाली मला ती चालवता येते म्हणतोस. धाकट्या भावाच्या देखरेखीखाली राहण्याचे भाग्य छप्पन्नाव्या वर्षी आले! नियम मात्र मी करणार, कारण मी थोरला. आधी तू उजवी झाडायचीस. यंत्राने हवेत फेकलेली चकती फुटली तर पुढचीही तुझीच. चुकलास की बंदूक माझ्या हाती, आणि पुढली चकती डाव्या नळीने माझी. मुद्रितशोधकाचे पोट जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर चालते. सुटीच्या दिवशी तरी वेगळे कशाला?

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळच्या बसने येत जाईन. प्रवास दोन तासांचा आहे. खिडकी मिळाली तर माणसासारखा उतरेन, न मिळाल्यास संभाळून घे.

सौभाग्यवतीस आशीर्वाद. लोभ होताच; मध्यंतरी कपाटात ठेवला होता, तो आता झटकून वापरात काढावा.

तुझा,
दादा

&nbsp;

ता. २२ फेब्रुवारी

ती. दादास साष्टांग नमस्कार, वि. वि.

घेतली! आधीचा मालक दातांचा डॉक्टर. हात कापायला लागले म्हणून त्याने दुकानात विकायला ठेवली होती. मी कारखान्यातून मोजायची हत्यारं घेऊन गेलो, तर दुकानदार हसायला लागला. म्हणाला, आजवर गिऱ्हाइकं बंदूक खांद्याला लावून बघायची, कोणी मापं घेतली नव्हती. पण नळ्या आतून आरशासारख्या आहेत. नवी बंदूक उघडताना ताठ असते. ही नुसता खटका सरकवला की आपल्याच वजनाने उघडते. दस्त्यावर गाल टेकतो तिथलं लाकूड दुसऱ्या कुणाच्या तरी गालाने गुळगुळीत झालंय. चाप दोन आहेत. पुढचा माझा, मागचा तुझा.

नियम कबूल. नियम तूच करणार, हे सौ.ने तुझं पाकीट फोडायच्या आधीच सांगितलं होतं.

एक लिहितो, हसू नकोस. बंदूक हे निमित्त आहे. आपण समोरासमोर बसलो की काय होतं ते दोघांनाही माहीत आहे. शेजारी उभं राहून एकाच दिशेला बघायचं असेल तर जमेल, असं वाटलं. हे पुन्हा मोडायला नको, दादा. मोडलं तर परत जोडायची ताकद माझ्यात नाही.

एक मार्चला बसथांब्यावर येतो. आहे तसाच ये, लोभ बरोबर आण.

तुझा,
भुंगा

&nbsp;

ता. ८ जून

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

कालच्या रविवारची धुंदी अजून उतरलेली नाही. उजवा खांदा निळा झाला आहे आणि मी तो छापखान्यात कोणी न विचारता दाखवतो आहे. ती जुनी दगडाची खाण, चकत्या फेकणारे ते खोकणारे यंत्र, कानांत कापसाचे बोळे घालून बसलेला तो रखवालदार, सगळे मला आता घरच्यासारखे वाटते. बार होतो, खांद्याला धक्का बसतो, नाकात दारूचा तिखट वास जातो, समोर हवेत चकतीचा चुरा होतो. तेवढा एक क्षण मी कोणाचीच प्रुफे तपासत नसतो.

तुझ्या नऊ चुका, म्हणून माझे नऊ बार, आणि त्यांतले सात फत्ते! आयुष्मन्, असाच चुकत राहा. चुकण्यातही तुझे सातत्य वाखाणण्याजोगे आहे. चहाच्या टपरीवर तुमचे फोरमन भेटले, त्यांना तुझी नक्कल करून दाखवली: डावा खांदा वर, जिभेचे टोक बाहेर, आणि चकती खाली पडून विश्रांती घेऊ लागल्यावर बार. बिचारे डोळे पुसत हसत होते. तूही हसलास, म्हणून मी ती पुन्हा एकदा केली.

जुलैत भेटूच. लोभ उजव्या नळीसारखा नसावा, नेमका असावा.

तुझा,
दादा

&nbsp;

ता. २८ जून

ती. दादास नमस्कार, वि. वि.

खांदा दुखतो आहे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. येत्या रविवारी नको. पुढचं कळवतो.

सौ. नमस्कार सांगते.

भुंगा

&nbsp;

ता. ६ जुलै

चि. भुंग्यास आशीर्वाद.

तुझे पत्र मिळूनही काल मी आलो. पहिला रविवार घरी बसून कसा काढतात, हे विसरलो आहे. तुझ्याकडे आधी न येता खाणीवर गेलो, म्हटले निदान वास तरी घ्यावा. रखवालदाराने माझी विचारपूस केली आणि कौतुकाने नोंदवही पुढे केली. दर बुधवारी पाळी सुटल्यावर तू एकटा येतोस. पंचविसांत चोवीस. पंचविसांत पंचवीस. गेल्या बुधवारीसुद्धा. रखवालदार म्हणाला, असा नेम या खाणीत दुसऱ्या कोणाचा नाही.

बुधवारी ठणठणीत आणि रविवारी ठणकणारा खांदा वैद्यकशास्त्राला अज्ञात आहे. मी तुझ्या घरी न येता उलट्या बसने परतलो. खिडकी मिळाली होती. बाहेर काय होते ते आठवत नाही.

मी अपशकुनी असेन तर तसे लिही. पण जे असेल ते सरळ लिही. आडून लिहिणे हा माझा प्रांत आहे, तो तू घेऊ नकोस.

तुझा,
दादा

&nbsp;

ता. १२ जुलै

ती. दादास नमस्कार, वि. वि.

सरळ लिहितो. खांद्याला काही झालेलं नाही.

रविवारी मी मुद्दाम चुकवत होतो. पहिल्या रविवारी माझी एकही चकती सुटेना. तू दोन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून आलेला, आणि माझ्यामागे हात बांधून उभा. अकरावी फुटली तेव्हा तू घड्याळ बघितलंस. बाराव्या वेळी मी नळी जराशी मागे ठेवली. तू बंदूक घेतलीस, तुझा बार लागला आणि तू हसलास. तसा हसणारा दादा मला आठवतही नव्हता. मग दर वेळी आठ-नऊ सोडायला लागलो. त्यात मला फोडण्यापेक्षा जास्त मजा यायची.

पण ती नक्कल. लेथवर मी केसाएवढा फरक बोटाने ओळखतो, त्याच्यावर माझी कारखान्यात पत आहे. त्या सोमवारी फोरमनने काम हातात देताना सगळ्यांदेखत सांगितलं, आज जीभ आत ठेव. अजून सांगतो. नवी पोरंही हसतात.

तुझ्यावर राग नाही. तुला कळलं असतं तर तू असं कधीच केलं नसतंस, हे मी जाणतो. तुला सांगायला हवं होतं, ते राहिलं. दोन ऑगस्टला ये. नियम बदलू: एक तुझी, एक माझी.

सौ. म्हणते, या वेळी जेवूनच जा.

तुझा,
भुंगा

&nbsp;

ता. १९ जुलै

चि. भुंग्यास आशीर्वाद.

या पत्रात विनोद सापडला तर तो सवयीचा समज.

मला कळले होते. दुसऱ्याच रविवारी कळले. खऱ्या चुका चहूकडे विखुरलेल्या असतात. तुझी नळी दर वेळी चकतीच्या मागे, तेवढीच वीतभर. मी एकतीस वर्षे चुका पाहतो आहे. झालेली चूक आणि कोणी ठेवलेली चूक यांतला भेद मला न कळता तर छापखान्याने केव्हाच हाकलले असते.

तरीही मी बंदूक घेत गेलो, बार झाडत गेलो आणि खुशीत घरी गेलो. तू देतो आहेस हे कबूल केले असते तर त्याबद्दल काही बोलावे लागले असते, आणि ते मला जमत नाही. आईच्या वेळीही तू तीन महिने तिच्या उशाशी होतास, आणि मी आठवड्यातून एकदा येऊन तुझी कोणती औषधाची वेळ चुकली ते सांगत होतो. तेव्हाही मला सगळे दिसत होते. धाकट्याकडून घेण्यापेक्षा धाकट्याला हसणे मला सोपे जाते. फोरमनपुढची नक्कल मी जाणूनबुजून केली. तू मुद्दाम चुकतोस हे ठाऊक असून केली.

तुझ्या पत्रात तू मला निर्दोष ठरवले आहेस. सगळ्या पत्रात चुकीचे असे तेवढेच होते, आणि ते तसेच सोडणे मला शक्य झाले नाही.

दोन ऑगस्टच्या बसचे तिकीट काढले आहे. एक तुझी, एक माझी, हा नियम उत्तम. सौभाग्यवतीस सांग, जेवीन.

तुझा,
दादा

&nbsp;

ता. २६ जुलै

ती. दादास नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

तुला माहीत नव्हतं, एवढंच धरून मी बसलो होतो. फोरमन बोलायचा तेव्हा मी मनात म्हणायचो, दादाला बिचाऱ्याला ठाऊक नाही. आईच्या वेळचंही मी तसंच मिटवलं होतं, तू लांब होतास, तुला दिसलं नसेल, असं म्हणून. तसं म्हटलं म्हणूनच आठ वर्षांनी पत्र लिहायला हात उचलला. आता ते म्हणता येत नाही.

तू खरं लिहिलंस ते चांगलं केलंस, असं सौ.चं मत आहे. तिचं बरोबर असेल. तू लिहिलं नसतंस तर मी दोन तारखेला बसथांब्यावर उभा असतो, तेही तितकंच खरं.

काल बंदूक दुकानात परत दिली. दुकानदाराने विचारलं, इतक्यात का? भावाला यायला जमत नाही, असं मी त्याला सांगितलं.

तिकीट रद्द करून टाक.

भुंगा