सणसरपर्यंत मागं मागं

जळोची (बारामती),
फेब्रुवारी १९९६

आदरणीय गंगाराममामांना भाचा बुद्धघोषचा सविनय जय भीम. हितं आमी सगळी धडधाकट हाय. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. पत्राला तसं कारण काहीच न्हाय. लई दिवसांत खुशाली कळवली न्हाय, म्हणून लिहायला बसलो.

मी पुण्यातल्या एका रिटायर सायबाची जुनी कॉन्टेसा घेतली, हे आईनं (म्हंजे तुमच्या ताईबाईनं) तुमाला रडत सांगितलंच असंल. गाडी देखणी, पण चढाला खोकायची. मी कार्बोरेटर उतरवला आन् आईच्या भगुण्यात रॉकेलनं धुतला. खोकला गेला. (त्या भगुण्यातल्या आमटीला मात्र अजून वास येतो.) पण एकदा यश आलं की माणूस थांबत न्हाय. वेग वाढवायचा तर मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, डिफ्रन्शल म्हणत्यात त्याला, त्याच्यातली दातेरी चाकं बदलावी, असं एका मासिकात वाचलं. लिंबाखाली गोळा उतरवला, चाकं बदलली, पुन्हा बसवला. एकबी नट उरला न्हाय म्हणून छाती फुगली. पहिला गिअर टाकला, आन् गाडी सुसाट मागं गेली. शेजारचे आप्पा बाजेवर झोपले होते. ती बाज आप्पांसकट रस्त्यापलीकडं पोचली. आप्पांनी नुसती कूस बदलली.

गोळा उलटा बसला होता. आता गाडीला मागं जायला चार गिअर आन् पुढं जायला एकच, त्योबी गोगलगाईचा. पुन्हा खोलायला सवड नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी सणसरला रावजींची पोरगी प्रियदर्शनी बघायला जायचं होतं, आन् माझी तिशी उलटलेली, तारीख मोडायची सोय नव्हती.

तर मामा, आमी जळोचीपासनं सणसरपर्यंत मागं मागं गेलो. मी मान वळवून मागच्या काचेतनं बघत होतो, आई शेजारी समोर तोंड करून बसलेली. भ्या वाटतंय का विचारलं, तर म्हणली, येणारं काय दिसतच न्हाय, गेलेलं तेवढं दिसतंय, मग भ्यावं कशाला. वाटेत आमी मागं टाकलेल्या एका हवालदारानं हात केला. पण गाडीचं तोंड त्याच्याकडं, म्हणून तो आमी जवळ यायची वाट बघत उभा राह्यला. आमी जातच होतो.

सणसरात वेगळंच झालं. रावजी तांब्या घिऊन दारात उभे. त्यांना दिसलं की गाडीचं तोंड बारामतीकडं हाय, म्हंजे पाहुणं रुसून परत निघालं. धावत येऊन त्यांनी बॉनेट धरलं आन् काय चुकलं म्हणून विचारायला लागले. त्यांची समजूत घालण्यातच पोहे गार झाले. पोरगीनं एकच विचारलं, गाडी नेहमी अशीच चालती का आज मुद्दाम आणली. मी खरं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की चहा दुसऱ्याच कुणीतरी आणून दिला. रावजी हसले न्हाईत.

“ज्याला पुढचं-मागचं कळत न्हाय,” ते म्हणाले, “त्याच्या हाती पोरगी कशी द्यावी?”

आई खाली बघत उठली. मीबी गाडी वळवून निघालो. पण मामा, मागं जाणाऱ्या गाडीची गंमत अशी की निघताना तोंड त्या घराकडंच ऱ्हातं. प्रियदर्शनी दारात उभी होती. मी बघत राह्यलो, आन् गाडी उसाला पाणी न्यायच्या चारीत गेली. निम्मं गाव लावून ती वर काढली, पुढं रावजीच. मी पुन्हा स्टेअरिंगला बसलो तर पोरगी बापादेखत गाडीच्या मागं जाऊन उभी राह्यली.

“तुमी हिकडं-तिकडं बघा न्हायतर नका बघू,” ती म्हणली, “मागचं मी बघते.”

आन् डांबरी रस्त्यापर्यंत हातानं दाखवत तिनं गाडी नेली.

असो. मामींना नमस्कार, आन् घरातल्या पोरांच्या कानावर हे घालू नका.

आपला भाचा,
बुद्धघोष

ता. क. पत्राला कारण न्हाय म्हणलो ते खोटं हाय. रावजी तुमच्या वर्गातले. त्यांच्याकडं जाऊन माझ्यासाठी शब्द टाका. पोरगीचा होकार हाय. चारीपाशी तिनं आईच्या कानात सांगितलं.

आणखी ता. क. गाडी आता सरळ केली, चारी गिअर पुढं जात्यात. त्याच बैठकीत मी ब्रेकबी सुधारला, तवापासनं ती थांबत न्हाय. शनिवारी तुमच्याकडं येतोय. दारापुढची कडब्याची गंजी तेवढी हलवू नका.