आत्याबाईंचं स्थलांतर

३ सप्टेंबर, मंगळवार
झालं! आत्याबाईंना हलवायचं ठरलं. जुन्या प्लॅटफॉर्मवरचे सगळे व्हर्च्युअल सर्व्हर — एका मोठ्या यंत्राच्या पोटात चालणारे सॉफ्टवेअरचे संगणक — महिनाअखेरीपर्यंत नव्यावर न्यायचे. बाकीचे जातील निमूट. पण आमच्या हॉस्पिटलचे फोन सांभाळणारा हा एक — बनवणाऱ्यांकडून तयारच आलेला, बंद डब्यासारखा. आत हात घालायची सोय नाही. जरा काही बदललं की मानापानावरून रुसणाऱ्या आत्यासारखा बसून राहतो. म्हणून आत्याबाई! हे नाव फक्त घरी हं. ऑफिसात तो आपला फोन सर्व्हर.

नवरोबाची कंपनीही याच धंद्यातली, तो तिथे सेल्सला, त्यामुळे जेवताना सगळं सांगता येतं. "आज आत्याबाई कशा आहेत?" हा त्याचा रोजचा प्रश्न.

५ सप्टेंबर
पहिली प्रत नव्या प्लॅटफॉर्मवर चढवली. उठेचना! नुसता काळा पडदा. डिस्कच ओळखत नव्हता. दादांनी — मला हे काम हाताला धरून शिकवलं ते आमचे सीनियर — चष्मा कपाळावर चढवला. "अगं, नव्या घरात पहिल्या दिवशी त्याला जुनीच खाट दे." डिस्कचा प्रकार जुना ठेवला. उठला!

मग सॉफ्टवेअरचं लायसन्स अडलं. ते नेटवर्क कार्डाच्या नंबराला बांधलेलं, आणि नव्या जागी नंबर नवा. जुना नंबर हाताने घातला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. घरी इत्थंभूत सांगितलं. नंबर नेमका कुठे घालायचा, हे नवऱ्याने पुन्हा पुन्हा विचारलं. किती रस घेतो बिचारा!

९ सप्टेंबर, सोमवार
पायाखालची जमीन सरकली.

मॅनेजर म्हणाले, "स्थलांतर झालं की देखभाल बाहेरच्या कंपनीकडे. तुमची जागा राहणार नाही. दादा राहतील, देखरेखीला." कुठली कंपनी? "करार झाला की सांगू." वर म्हणे, "त्या कंपनीला आपल्या फोन सर्व्हरची खडानखडा माहिती आहे. एकेक खोड!"

त्याच्या खोडी ऑफिसात फक्त आम्हा दोघांना माहीत. मी तर कुणापाशी बोलले नाही. म्हणजे दादाच! केसाने गळा कापला. इतकी वर्षं ज्यांच्या शब्दावर डोळे मिटून चालले, त्यांनी!

घरी येऊन रडले. नवरा पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "ही जुनी माणसं अशीच. स्वतःची खुर्ची वाचवली त्यांनी." त्याच्यासमोर तरी मन मोकळं करता येतं.

१० सप्टेंबर
दादांनी चहाला हाक मारली. "मला काम आहे," म्हटलं. नव्हतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार
आज काय करून बसले मी!

आमची रीत अशी — एकाने पायऱ्या मोठ्याने वाचायच्या, दुसऱ्याने करायच्या. चाचणीची प्रत चालू करण्याआधी सेटिंगमधली 'नेटवर्क'समोरची टिकची खूण काढायची, म्हणजे ती जोडली जात नाही; नाहीतर एकाच पत्त्यावर दोन सर्व्हर जागे होतात आणि भांडत बसतात. आज वाचायला कुणी नव्हतं. दादांशी बोलणंच टाकलंय ना! खूण राहिली. अख्ख्या हॉस्पिटलचे फोन मुके! वॉर्डातली नर्स धावत खाली आली. "अहो, डॉक्टरांना बोलवायचं कसं?"

दादा आले, प्रत बंद केली, फोन सुरू झाले. मॅनेजरला म्हणाले, "चूक माझी. वाचायचं काम माझं होतं."

मला राहवेना. "मग सर्व्हरच्या खोडी त्या कंपनीला का सांगितल्यात?"

"मी? कधी सांगितल्या?"

एवढं छान नाटक येतं कुणाला? आता तर जास्तच राग येतोय. का येतोय, तेही कळत नाही.

१३ सप्टेंबर
ऑफिसातच लिहितेय. आत्ता नव्या कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला होता. मोठ्या उत्साहात होता. "मॅडम, उद्या आत्याबाईंना जुनीच खाट द्यायची ना? आमच्या सेल्सच्या साहेबांनी सगळं समजावून ठेवलंय!"

आत्याबाई!

फोन ठेवला. दादांच्या टेबलापाशी गेले. "चहाला येता?" एवढंच म्हणता आलं. ते लगेच उठले.

आता घरी जायचंय. जेवायला बसलो की तो विचारेल, "आज आत्याबाई कशा आहेत?"