लोणारच्या पाण्याचा चहा

अमडापूर,
१५ डिसेंबर

ति. सारिका आत्यास,
समताचा सप्रेम जय भीम.

वि. वि. मी फोन कानाला लावला की तुझ्या आईला, म्हणजे आमच्या आजीला, नेमकं माझ्याच खोलीत काहीतरी शोधायचं असतं. म्हणून हे पत्र.

सोनाळ्याच्या प्रसेनजितचं स्थळ तुला ठाऊक आहे. पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर येणार नाही, असं अडून बसले. तेव्हा दोन्ही घरं मिळून काल लोणारला गेलो. थंडीने दात वाजत होते, तरी बाबांनी सगळ्यांना गोमुखाच्या धारेखाली हात धरायला लावले. भूगोलाचे मास्तर ते! प्रत्येक काळ्या खडकापाशी थांबून लाव्ह्याचे थर, मग त्यावर आदळलेली उल्का. प्रसेनजित होकाराची मान डोलावून म्हणाला, हाव. आजी म्हणाली, उल्काबिल्का काही नाही, जमीनच खचली असंल. तिलाही हाव! खाली सरोवराशी त्याची आई म्हणाली की लग्नानंतर पोरीले नोकरीची काय गरज हाय. आत्या, तिथेही हाव! माझी दवाखान्यातली नर्सची नोकरी त्या एका शब्दात गेली.

गुडघ्यांमुळे आजोबा काठावरच बसले होते. त्यांना दाखवायला मी एका बाटलीत सरोवराचं पाणी घेतलं, दुसरीत गोमुखाचं गोडं. परतताना पाहुणे घरी थांबले आणि आईने घाईत गोमुखाचं समजून सरोवराच्या पाण्याचा चहा ठेवला. खारट, वर साबणाचा वास! सगळ्यांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवले. या गृहस्थाने अख्खा संपवला आणि चांगला झाला म्हणाला. ज्याला चहाला नाही म्हणता येत नाही, तो आईला काय म्हणणार? नव्या वर्षात उत्तर द्यायचंय. मी नकार देणार.

तुझ्या रागालोभाची हक्कदार,
समता

नागपूर,
२१ डिसेंबर

चि. समतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण चौकशीला आली. पण काय गं, तू त्याला विचारलंस का? घरात सगळ्यांना पुरून उरणारी तुझी जीभ लोणारातच राहिली? नकार दे, पण त्याच्या तोंडून ऐकून दे. माझं लग्न ठरताना बँकेतली नोकरी सोडायची ठरली, तेव्हा मलाही हाव म्हणायची घाई झाली होती. ते अजून दुखतं. तू विचार.

थंडीत कान झाकून फिर. माया आहेच.
तुझी आत्या

अमडापूर,
२ जानेवारी

ति. आत्यास सप्रेम जय भीम.

मी त्याला फोन लावणार, तोच त्याच्या आईचा आजीला फोन आला. या वेळी दाराआड मी, आणि आजीचा फोन स्पीकरवर! त्या तणतणत होत्या की त्या चहात तुम्ही काय घातलं होतं, आमचं लेकरू जन्मात कधी नाही म्हणालं नव्हतं, आता काहीही सांगितलं तरी नाहीच म्हणून राह्यलं. घरी पोचताच त्याने बजावलं म्हणे, समता नोकरी सोडणार नाही.

मग मी त्याला विचारलं. म्हणाला, आईले चार लोकांत कसं तोडून बोलू, म्हणून घरी बोललो. आणि चहा? तुझ्या आईचा चेहरा एवढासा झाला होता, म्हणून प्यायलो. चहा मात्र बेकार होता, दोन दिवस पोट धरून होतो. मी पोटभर हसले.

आत्या, माझा हाव आहे. घरीही सांगितलं.

सरोवराचं अर्धी बाटली पाणी उरलंय. मी ओतून द्यायला निघाले तर आजीने हातातून काढून घेतलं. बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली की माह्या सारिकाची नोकरी सुटली, तवा तिच्यासाठी हे पाणी कोणीच आणलं नाही.

लग्नाच्या आठ दिवस आधी ये. आजी वाट बघते आहे.
तुझी,
समता